भाऊंची सही

प्रिय ईशान आणि सानू,

गेल्या रविवारी ईशानने फोनवर मला त्याची नवी गाडी दाखवली. पांढरी गाडी, टपावर शिडी बांधलेली आणि दारावर त्याचं स्वतःचं नाव. कंपनीतली नोकरी सोडून तो आता स्वतःच्या लायसन्सवर लोकांच्या घरांची वायरिंगची कामं घेणार आहे. तो खुशीत होता. मागे स्वयंपाकघरात तुमची आई भांडी जरा जोरात ठेवत होती, तेही मला ऐकू येत होतं. नंतर तिने वेगळा फोन केला आणि म्हणाली, तो तुझं ऐकतो, तू त्याला काहीतरी सांग. मी म्हटलं, सांगते, पण लिहून सांगते. फोनवर मी बोलायला लागले की तुम्ही दोघं "हो आजी, हो आजी" करता आणि माझा धागा तुटतो. कागदावर मला कोणी घाई करत नाही.

तुम्ही मराठी सावकाश वाचता, हे मला ठाऊक आहे. सावकाशच वाचा. अडलं तर आईला विचारा. यातल्या माणसाला तिनेही पाहिलं आहे. अर्थात तिला ते कॉलेजच्या वयात दिसले तसेच आठवत असणार, म्हणजे आमच्या दारात चपला काढून, भिंतीला हाताची पाठ लावून, डोळे मिटून उभा असलेला एक विक्षिप्त माणूस.

मी अकरा वर्षं एका इलेक्ट्रिकल कंत्राटदाराच्या ऑफिसात काम केलं, ही गोष्ट तुम्हाला बहुतेक माहीत नसेल. सगळं लोणावळा त्यांना भाऊ म्हणायचं. बिलावरचं त्यांचं पूर्ण नाव वाचून लोक मला विचारायचे, हे कोण? म्हणून मीही इथे भाऊच लिहिते.

तुमचे आजोबा बँकेत होते. बदली लोणावळ्याला झाली आणि आम्ही तुंगार्लीत एक छोटं घर बांधायला काढलं. नकाशा पुण्याच्या आर्किटेक्टने काढला होता. भाऊ पहिल्यांदा आले ते त्या अर्धवट घरात. पवन मावळातल्या एका शेतकरी घरातले, अंगाने किरकोळ, पांढरा शर्ट, खिशाला टेस्टर. आत येताना त्यांनी चपला काढल्या. घराला अजून दारं नव्हती, जमिनीवर वाळू पसरलेली, तरी काढल्या. (काम सुरू झालं की मात्र रबरी तळाचे बूट चढवल्याशिवाय ते बोर्डाला बोट लावायचे नाहीत, हे ईशानसाठी सांगून ठेवते.) मग एकेका भिंतीला हाताची पाठ लावत सगळ्या घरातून फिरले. बैठकीच्या खोलीत थांबले आणि म्हणाले, "ही भिंत पिनार."

मला काही कळलं नाही.

"वहिनी, ही पश्चिमेची. घाटाकडनं पाऊस हिच्यावर येणार. चार महिने ही पानी पिनार. बोर्ड हितं न्हाई बसनार."

मी नकाशा उघडून दाखवला. बोर्ड तिथेच काढलेला होता. त्यांनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, त्या साहेबांना म्हणावं, आषाढात या आणि हितं पाठ टेकून तासभर बसा, मग सांगा. बोर्ड आतल्या भिंतीवर बसला. आर्किटेक्टने नाराजीचं पत्र पाठवलं, इंग्रजीत. भाऊंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि उत्तरही लिहून मागितलं. मला सांगितलं, "लिवा, तू येडा हायेस." मी लिहिलं की आपली सूचना इथल्या हवामानात आम्हाला व्यवहार्य वाटत नाही. त्यांनी पत्राचा मराठीत अर्थ विचारला, मी सांगितला. ते जरा विचार करून म्हणाले, "बरोबर हाये, पर यात भांडन कुटंय?" तरी त्यांनी सही केली. महिन्याभरात ते आणखी चार पत्रं घेऊन आले, आणि पुढच्या महिन्यात मी त्यांच्या ऑफिसात खुर्चीवर बसलेली होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं इंग्रजी इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं, याचा मला आनंद झाला होता. तुमच्या आजोबांना गंमत वाटली होती.

ऑफिस म्हणजे बाजारामागचा एक गाळा. शेजारी चिक्कीचा कारखाना. आमच्या सगळ्या फायलींना गुळाचा वास यायचा, आणि पावसाळ्यात मुंग्या. भिंतीवर एक मोठा फळा होता आणि त्यावर खिळे ठोकून किल्ल्या लावलेल्या होत्या. त्या तुंगार्ली, खंडाळा, भुशी रस्ता इथल्या बंगल्यांच्या किल्ल्या. मालक मुंबईत. ते शुक्रवारी संध्याकाळी यायचे, दार उघडायचे, बटण दाबायचे आणि काही लागलं नाही की तिथूनच भाऊंना फोन करायचे. त्यामुळे आमचा आठवडा उलटा चालायचा. सगळं जग शुक्रवारी सैल पडतं, आमच्याकडे शुक्रवारी धावपळ. भाऊंनी त्यावर एक पद्धत बसवली होती. शुक्रवारी दुपारी माणसं किल्ल्या घेऊन निघायची आणि रिकाम्या बंगल्यांत जाऊन प्रत्येक खोलीतला दिवा, पंखा, गिझर लावून बघायची. कुठे पाल अडकलेली असायची, कुठे होल्डरमध्ये मुंग्यांनी घर केलेलं असायचं. ते साफ करून, दिवे घालवून, कुलूप लावून परत. मालकांना याचा पत्ताही नसायचा. त्यांना वाटायचं, आपल्या बंगल्यात कधी काही बिघडतच नाही. मी एकदा म्हटलं, भाऊ, हे त्यांना कळवायला हवं. ते म्हणाले, कळवलं की ते म्हणणार, लाईट जाळता. खरोखर एकाने पुढे तसं म्हटलंच.

फोनवर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं. कोणाचाही फोन असो, "हॅलो" नाही, "कोण बोलतंय" नाही. "मेन बंद करा, मग बोला." त्यांचं म्हणणं असं की ज्याच्या घरात धूर निघतो तो माणूस नाव सांगण्यात वेळ घालवतो. त्यांच्या मुलीचा बारावीचा निकाल लागला, तिने शाळेतूनच फोन केला, तेव्हाही तिला हेच ऐकावं लागलं. तिने शांतपणे "बंद केलं" म्हटलं आणि मग निकाल सांगितला. घरच्यांना सवय झाली होती.

चहाचंही तसंच. काम संपेपर्यंत गिऱ्हाइकाच्या घरचा चहा घ्यायचा नाही, हा नियम त्यांच्या सगळ्या माणसांना होता. चहा घेतला की मग गिऱ्हाइकाला न आवडणारं खरं बोलायला जीभ वळत नाही, असं ते म्हणायचे. काम झाल्यावर मात्र दोन कप घ्यायचे, आणि साखर कमी असली तर सांगायचे.

बोर्डावरच्या स्क्रूंच्या खाचा सगळ्या उभ्या पाहिजेत. आडव्या खाचेत ओल आणि धूळ बसते, असं त्यांचं कारण होतं. ते कितपत खरं, मला माहीत नाही. पण एखाद्या खोलीत शिरल्यावर बोर्डावरून अंगठा फिरवून ते सांगू शकायचे की हे काम सकाळी झालं की संध्याकाळी. नवा वायरमन ठेवताना त्याचं पहिलं काम ते कधी बघत नसत. शनिवारी संध्याकाळी, दिवसभर राबून तो घरी जायच्या घाईत असताना त्याने केलेला शेवटचा जोड उघडून बघायचे. तो बरा असला तर माणूस ठेवायचा.

हे सगळं एकाच विचारातून आलेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. नवीन घराची वायरिंग झाली की ती तपासावी लागते. भिंतीत गेलेल्या वायरमधून करंट झिरपत नाही ना, हे एका हाताने फिरवायच्या यंत्राने बघतात. त्याला आमच्याकडे मेगर म्हणायचे. आणि दुसरं, अर्थिंग. सानू, तुझ्यासाठी सांगते. घराबाहेर आठ फूट खड्डा खणून त्यात लोखंडी नळी उभी करतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात, आणि घरातल्या प्रत्येक यंत्राचा लोखंडी भाग तारेने त्या नळीला जोडतात. यंत्रात कुठे वायर उघडी पडली तर करंटला जमिनीत जायला सोपी वाट मिळते. ती वाट नसेल तर तो यंत्राला हात लावणाऱ्या माणसातून जातो.

आता बघा, उन्हाळ्यात भिंत कोरडी असते, तेव्हा मेगरचा आकडा उत्तमच येणार. आणि पावसाळ्यात माती ओली असते, तेव्हा अर्थिंगचा आकडा उत्तमच येणार. भाऊ बरोबर उलटं करायचे. मेगर आषाढ-श्रावणात मारायचा, अर्थिंग वैशाखात मोजायचं. मधल्या काळात काम पूर्ण झालं तर तेव्हाही मोजायचे, पण त्या आकड्यावर त्यांचा विश्वास नसायचा. खड्डा स्वतः उभं राहून खणून घेतलेला असेल तरच रिपोर्ट द्यायचे, आणि ज्याचा त्याचा वाईट महिना आला की फुकट जाऊन पुन्हा बघायचे. लोक कंटाळायचे. सगळं चालू आहे तर हे परत कशाला आले, असं एक बाई माझ्यासमोरच माळ्याला म्हणाल्या होत्या.

ईशान, तू आता स्वतःचा धंदा करणार, म्हणून त्याचीही बाजू लिहिते. भाऊंना आजारी पडता येत नसे. बारा माणसं त्यांच्यावर होती. प्रत्येकाला तिसऱ्या-चौथ्या महिन्याला पुण्याहून कुणीतरी जास्त देतो म्हणून बोलवायचं, आणि भाऊ त्यांना अडवायचे नाहीत. अकरा वर्षांत ते घरात बसून पूर्ण जेवल्याचं मी ऐकलं नाही. त्यांची बायको डबा ऑफिसात पाठवायची, कारण ताट घरी वाढून ठेवलं तर ते तसंच राहायचं. गिऱ्हाईक खूश असलं की आर्किटेक्टचं नाव घेतं आणि दिवा गेला की कंत्राटदाराचं. एकदा मी विचारलं, भाऊ, नोकरी का नाही केली? ते म्हणाले, केली होती. तिथे मोठे साहेब सांगायचे तिथे सही करावी लागायची.

सहीच्या बाबतीत ते हट्टी होते. घराला वीज मिळायची तर लायसन्सवाल्या कंत्राटदाराने टेस्ट रिपोर्टवर सही करावी लागते की मी हे काम तपासलं आहे आणि ते सुरक्षित आहे. काही लोक फक्त सही मागायला यायचे. काम आमचं आम्ही करून घेतलंय भाऊ, तुमची नुसती सही पाहिजे. भाऊ म्हणायचे, "मग सही बी तुमची तुमीच करा." कोऱ्या फॉर्मवर तर नाहीच. मी त्यांच्या टेबलावर कोरे फॉर्म आणि पेन एकत्र ठेवलेलंसुद्धा त्यांना चालत नसे.

आणि तरीही एकदा त्यांनी ते केलं.

त्यांची आई ते लहान असतानाच गेली होती. थोरल्या बहिणीने त्यांना वाढवलं. मे महिन्याच्या शेवटी ती बहीण अचानक फार आजारी झाली. तळेगावच्या हॉस्पिटलात ठेवलं आणि डॉक्टरांनी काही सांगता येत नाही म्हणून सांगितलं. भाऊ निघाले. गाळ्याच्या दारातून परत आले, माझ्या टेबलापाशी उभ्या उभ्या तीन कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या आणि म्हणाले, "आडलं तरच, वहिनी."

तेव्हा खंडाळ्याला एका जुन्या हॉटेलच्या नव्या इमारतीचं काम संपत आलं होतं. मागच्या बाजूला कपडे धुवायची मोठी खोली होती, मशीनं आलेली होती. मालकांनी एका लग्नाची मोठी पार्टी घेऊन ठेवली होती, खोल्या वाटूनसुद्धा झाल्या होत्या. ते दिवसातून तीन वेळा फोन करायचे. वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते.

तिथलं काम दत्तू बघत होता. दत्तू हा भाऊंचा सगळ्यात जुना वायरमन, चाळिशीतला, शनिवारच्या जोडात कधीही न चुकलेला. बुधवारी त्याचा फोन आला. सगळं झालं, मेगर मारला, अर्थिंगही मोजलं, आकडा उत्तम आहे. मी आकडे लिहून घेतले. मालकांचा पुन्हा फोन आला. मी एक फॉर्म काढला. आता आठवलं की मला लाज वाटते, पण इतका नीटनेटका रिपोर्ट मी त्याआधी कधीच भरला नव्हता. एकही खाडाखोड नाही. जोडणीचा भार दोनदा बेरीज करून पाहिला, प्रत काढून फायलीला लावली, आणि गुरुवारी वीज कंपनीच्या ऑफिसात पाठवून दिला. आपण भाऊंचं ओझं हलकं केलं, असं मला वाटत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी भाऊ आले. बहीण वाचली होती, घरी सोडणार होते. ते बसले, पाणी प्यायले आणि फायली चाळायला लागले. खंडाळ्याच्या फायलीवर थांबले.

"वळीव कदी झाला खंडाळ्याला?"

मी सांगितलं, मंगळवारी संध्याकाळी, चांगला दोन तास.

"आन् दत्तूनं मोजलं कदी?"

बुधवारी सकाळी, असं मी म्हणाले, आणि म्हणतानाच मला सगळं कळलं.

त्यांनी फाईल मिटली. "आकडा खोटा न्हाई, वहिनी. दिवस खोटा हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला बरोबर घेऊन गेले. हॉटेलमागे दत्तू उभा होता. भाऊंनी त्याला खड्डा उघडायला सांगितला. त्याने पहार घेतली. कोळसा-मीठ बाजूला करत तो छातीइतका खाली गेला आणि नळी संपली. आठ फुटांच्या जागी जेमतेम चार.

"खाली कातळ लागला, भाऊ," दत्तू खड्ड्यातूनच म्हणाला. "तीन दिस पहार मारली. धार गेली. मालक डोक्यावर हुबं. मग कापली नळी."

"मला फोन का न्हाई केला?"

"तुमी आक्कापाशी बसलेलं. कसा करू?"

भाऊ वळले. मला धुण्याच्या खोलीत घेऊन गेले. तिथे हॉटेलने नव्याने कामाला घेतलेली एक बाई फरशी धूत होती. पाय उघडे, साडी खोचलेली. आम्हाला बघून ती बाजूला सरकली. भाऊ तिला म्हणाले, चालू द्या मावशी. मग मला हळूच म्हणाले, "ही हितं रोज उभी ऱ्हानार. ओली फरशी, उगडे पाय, समोर मशीन. पुडच्या वैशाखात माती सुकली आन् आत कुटं वायर उगडी पडली, तर करंट जानार कुटं?"

मी त्या बाईच्या पायांकडे बघत राहिले. रिपोर्ट भरताना माझ्यासमोर फक्त आकडे होते.

तिथून आम्ही थेट वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथले इंजिनिअर साहेब भाऊंना चांगले ओळखत होते. जोडणी अजून दिलेली नव्हती. भाऊ म्हणाले, रिपोर्ट परत घ्यायचाय, लेखी देतो. साहेबांनी दार लोटून घेतलं. त्यांनी समजावलं की लेखी देऊ नका. खड्डा नीट करून घ्या, तोवर मी कागद बाजूला ठेवतो, कोणाला काही कळायचं कारण नाही.

"चार दिसात तुमची बदली झाली तर?" भाऊंनी विचारलं.

साहेब हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, "भाऊ, लेखी दिलंत की मला वर पाठवावं लागेल. तपासणी न करता सही केली, असा त्याचा अर्थ होतो. लायसन्स जाईल तुमचं."

"तसाच अर्थ हाये, साहेब," भाऊ म्हणाले.

पत्र मी तिथेच लिहिलं, इंग्रजीत. त्यात स्पष्ट लिहिलं की कंत्राटदार गैरहजर असताना, त्यांच्या माघारी, हा फॉर्म मी भरला. भाऊंनी नेहमीप्रमाणे मराठीत अर्थ विचारला. मी सांगितला.

"ते काडा."

मी म्हटलं, भाऊ, ते खरं आहे.

"खरं आसंल. सही कुनाची हाये?"

"तुमची."

"मग तुमी त्यात कशाला?"

मी दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहिलं. माझं अक्षर त्या एकाच पत्रात वाईट आलं आहे.

पुढचं थोडक्यात सांगते. हॉटेलच्या मालकांनी जुन्या इमारतीत जनरेटरवर ती पार्टी उरकली आणि भाऊंना दारात उभं करायचं नाही असं ठरवलं. खंडाळ्यातल्या आणखी हॉटेलवाल्यांनाही त्यांनी तसं सांगितलं. चौकशी झाली. साहेबांनी भाऊंच्या बाजूने चांगलं लिहिलं होतं, म्हणून लायसन्स कायमचं गेलं नाही, सहा महिन्यांसाठी थांबवलं. बारा माणसांना भाऊंनी एकेक करून बोलावलं, कोणाला कुठे लावून दिलं ते सांगितलं, आणि म्हणाले, परत सुरू झालं की या. ते स्वतः तळेगावला एका कंत्राटदाराकडे वायरमन म्हणून जायला लागले. तो कंत्राटदार पूर्वी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो संकोचून त्यांना खुर्ची द्यायचा. भाऊ शिडी उचलून बाहेर जायचे.

त्या सहा महिन्यांत गाळ्यात मी आणि दत्तू असायचो. दत्तू कुठेच गेला नाही. फोन वाजला की मी उचलायची आणि माझ्याही तोंडून तेच निघायचं, मेन बंद करा, मग बोला. मग दुसऱ्या कोणाचा तरी नंबर द्यायची. शुक्रवारी दत्तू किल्ल्या घेऊन बंगल्यांना जाऊन दिवे लावून यायचा. नुसते दिवे लावून बघायला लायसन्स लागत नाही, असं म्हणायचा.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते हॉटेलच्या दुसऱ्या खड्ड्याचं. काम काढून घेतल्यावरही भाऊ मालकांकडे गेले आणि एवढा खड्डा तरी मला पुरा करू द्या, असं म्हणाले. मालक त्यांच्याशी बोलले नाहीत, पण नाही म्हणाले नाहीत. इमारतीपाशी सगळीकडे कातळ होता. भाऊ उतारावरून खाली ओढ्यापर्यंत गेले. तिथे त्यांना खोल माती सापडली. दोघांनी मिळून, भाऊ आणि दत्तूने, खड्डा खणला आणि तिथून वर इमारतीपर्यंत अर्थिंगची लोखंडी पट्टी पुरत आणली. पाऊस सुरू झाला होता. मी एकदा डबा घेऊन गेले तर दोघं खड्ड्याच्या काठावर बसून कुठल्याशा जत्रेतल्या कुस्तीवरून वाद घालत होते. मला वाटलं होतं, ते दुःखात असतील.

मला भाऊ कधी काही बोलले नाहीत. बरीच वर्षं गेल्यावर मीच विचारलं की तुम्ही तेव्हा रागावला कसे नाहीत. ते म्हणाले, "चूक त्या तीन सह्यांची. बहीन मरंल म्हनून घाबारलो व्हतो. घाबारल्यावर मानूस कोऱ्या कागदावर बी सही करतो." मग म्हणाले, "तुमाला तरी काय येत व्हतं? तुमाला नुसतं लिवता येत व्हतं."

ते खरंच होतं. म्हणूनच सहा महिन्यांनी लायसन्स परत आलं तेव्हा दोघे सोडून सगळी माणसं परत आली, आणि पहिल्याच कामाला त्यांनी मला बरोबर नेलं. म्हणाले, इथून पुढे तुम्ही बघून लिहा. सेहेचाळिसाव्या वर्षी मी साडी खोचून मेगर फिरवायला शिकले. खड्ड्यात टेप सोडून खोली मोजायला शिकले. त्यानंतर मी न पाहिलेल्या कामाचा कागद मी भरला नाही. दत्तूला त्यांनी सुपरवायझरच्या परीक्षेला बसवलं. तो नको म्हणत होता, आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणत होता. ते मी शिकवलं. भाऊ त्याला म्हणाले, "खड्डा तुला कळतो. आता सही कळाया पायजे." दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा पास झाला.

तर ईशान, तुझ्या आईला वाटतं आहे की मी तुला हे करू नको म्हणून सांगेन. लिहिता लिहिता ठरवू असं मी मनात म्हटलं होतं. मी तसं सांगत नाही. फक्त जेवण वेळेवर घे, आणि तुझ्या गाडीत कोरे फॉर्म आणि पेन एका कप्प्यात ठेवू नकोस. आईला मी वेगळं समजावते.

भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, आणि त्यांचं लायसन्स त्यांच्याबरोबर संपलं. चिक्कीवाल्यांनी अर्धा गाळा घेतला. उरलेल्या अर्ध्यात दत्तू बसतो, पाटी आणि लायसन्स त्याच्या नावाचं आहे. खंडाळ्याच्या त्या हॉटेलचे मालक दोनदा बदलले, नावही बदललं. ओढ्याकाठचा खड्डा तिथेच आहे, आणि धुण्याच्या खोलीतली मशीनं अजून त्यालाच जोडलेली आहेत.